हलका डबा

चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. यांची साखर वाढली त्या वर्षीपासूनचा हा नेम. हे यांना ठाऊक, म्हणून ती गोष्ट यांनी नेमकी जेवताना काढली.

शुक्रवारची सुट्टी होती. इथं कतारमध्ये, अल वक्राच्या आमच्या खोलीत आम्ही जमिनीवरच बसतो. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि परातभर कोशिंबीर. तिला हे 'पाला' म्हणतात. हा पाला मी सुपरमार्केटच्या सॅलड बारमधून तोलून आणते.

"कंपनीनं घरभाडं बंद केलंय," हे म्हणाले. "आता मला बिरकत अल अवामेरला कॅम्पवर राहावं लागणार, बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर. तू गावी जा, दुर्गा."

माझा घास हातातच राहिला.

"जेव आधी," हे भाकरी मोडत म्हणाले. वर काही बघितलं नाही.

मी तिथल्या तिथं नाही म्हटलं असतं, तर यांना पुढं बोलताच आलं नसतं. साखरेमुळं चिघळलेली यांच्या पायाची जखम आत्ता कुठं भरत आली होती. कॅम्पच्या मेसमध्ये भाताचा डोंगर, परोठे आणि तवंग आलेली आमटी. तिथं यांच्या ताटाकडे कोण बघणार?

मी पाला वाढून घेतला. मग पुन्हा घेतला. जेवण चालू होतं तोवर काहीच ठरणार नव्हतं. माझ्या ताटातली काकडी संपली तशी यांनी आपली माझ्याकडे सारली. हेही सावकाश जेवत होते. शेवटी परात रिकामी झाली. मी हात धुतले, देवाला नमस्कार केला.

"आधी पाल्याचा डबा भरायला शिका," मी म्हटलं. "जमला तर जाते."

"एवढंच ना?"

"एवढंच."

यांना चहासुद्धा धड करता येत नाही. जमणार नाही, याची मला खात्री होती.

संध्याकाळी दुकानात गेलो. वजनकाट्यावर इरशाद होता. लखनौकडचा, तोंडाचा मोकळा. "अरे वा भाभी, आज घास खानेवाले को भी काम पे लगाया!"

मी यांना समजावलं. इथं सगळ्याला एकच भाव, वजनावर. म्हणून जड आणि स्वस्त ते इथून घ्यायचं नाही. काकडी, गाजर पलीकडून अख्खी घ्यायची. चणे खोलीवर भिजवून उकडायचे. जे चिमूटभर लागतं पण बाहेर जुडीच घ्यावी लागते, ते इथून. जिरजीरची तिखट पानं, पार्सली, लाल कोबी, डाळिंबाचे चार दाणे. वरचा सॉस नको, लिंबू पिळायचं.

"आणि तो बटाटा?"

"तो मेयोनेजमध्ये पोहतोय. त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही."

हे गेले आणि डबा भरून आले. बीट, मका, कडेला लपवलेला बटाटा. इरशादनं काट्यावर ठेवला. "भाईसाहब, पत्थर भी डाले हैं क्या?"

मला आनंद झाला. देवाशप्पथ झाला. "नाही जमलं," मी म्हटलं.

"थांब की. एकदा अजून."

यांनी नवा डबा घेतला. या खेपेला घाई नव्हती. चिमट्यानं एकेक पान उचलायचं, भांड्याच्या काठावर आपटून पाणी झटकायचं, मग डब्यात. पाण्याचंही वजन होतं, हे मी सांगितलंच नव्हतं.

"हे कुणी शिकवलं?"

"तू असंच करतेस ना. मी मागं ट्रॉली धरून उभा असतो."

मी काट्याकडे बघत राहिले. मनात देवाचं नाव होतं, पण मागत काय होते ते सांगायची लाज वाटते.

"माशाल्ला!" इरशाद म्हणाला. "भाभी से भी हल्का!"

हे हसले. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं.

मी डबा हातात घेतला, फिरवून खालून बघितला. काढून टाकावं असं एक पानही त्यात नव्हतं. दाणेसुद्धा चारच.

"बरोबर आहे का?" यांनी हळूच विचारलं.

"बरोबर आहे."

"मग... तिकीट बघू?"

मागं रांग लागली होती. मी डबा परत यांच्या हातात दिला.

"बघा," मी म्हटलं.