हरणाचा सोमवार

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी आमच्या काउंटीत कुणी कामाला जायचं नाही. त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा. शाळा बंद, गॅरेज बंद, दाताचा डॉक्टरसुद्धा पहाटेच बंदूक घेऊन डोंगरात. आता मोसम शनिवारी उघडतो आणि जुनी मंडळी त्यावर अजून कुरकुरतात, पण ही गोष्ट सोमवारच्या दिवसांतली आहे. ही सुट्टी इतकी उघड होती की कॉलेजच्या कॅलेंडरवर ती कधी कुणी लिहिलीच नाही. कॅलेंडरवर तो कामाचा दिवस असायचा, वर्गांत चिटपाखरू नसायचं, आणि वर्षानुवर्षं हे दोन्ही गुण्यागोविंदानं नांदत होतं.

मी बर्नाडेट सॉप्को. या कॉलेजची वेळापत्रकं मी लावते. लोकांना वाटतं, रिकाम्या चौकटी भरायच्या, त्यात काय एवढं. त्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसून बघावं. एका क्रेडिटमागे वर्ग ठरावीक तास भरलाच पाहिजे, नाहीतर ते क्रेडिट खोटं. आणि आमच्याकडची निम्मी पोरं सरकारी मदतीवर शिकतात, ती मदत या क्रेडिटांवर मोजली जाते. सत्रात बारा क्रेडिटं घेतली तर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी. अकरा घेतली तर नाही. तुम्ही किती कष्ट करता, हे तिथे कुणी विचारत नाही.

त्या उन्हाळ्यात फ्लोरिडाहून नवे डीन आले, वॉरन ट्विचेल. उंच, सभ्य, थंडीत घालायचे बूट एकसुद्धा जवळ नसलेला माणूस. सप्टेंबरात त्यांनी मागच्या वर्षीची हजेरी तपासली आणि माझ्या टेबलाशी येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, त्या एका सोमवारी सगळं कॉलेज आजारी होतं का.

"हरणं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, कॉलेजात हरणं शिरली होती. मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, सुट्टी तर सुट्टी, पण मग ते तास न भरता भरले म्हणून दाखवायचे नाहीत. मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. चुकीच्या माणसावर रागावणं सोपं असतं. या माणसानं ती सोयही ठेवली नाही.

मी सगळे वर्ग पुन्हा मोजले. बहुतेकांचे तास जास्तीचे होते, एक दिवस गेला तरी निभणारे. काठावर फक्त एक निघाला, सोमवार संध्याकाळचा शरीररचनेचा प्रयोगवर्ग. त्याचा एक सोमवार लेबर डेच्या सुट्टीनं आधीच खाल्ला होता. हरणांनी दुसरा खाल्ला की तास कमी पडणार आणि प्रयोगाचं एक क्रेडिट उडणार, म्हणजे चार क्रेडिटांचा विषय तीनवर. आणि जे काही ठरवायचं ते त्याच आठवड्यातल्या शुक्रवारच्या आत. त्या दिवशी आकडे गोठतात आणि वर सरकारकडे पाठवले जातात. त्यानंतर देवसुद्धा ते वाढवू शकत नाही.

त्या वर्गात आठ जण होते. सात जणांना एक क्रेडिट इकडेतिकडे झालं तरी चालणार होतं. आठवी क्रिस्टा वास्को. तिची क्रेडिटं बरोब्बर बारा होती.

क्रिस्टाला मी तिच्या फ्रॉकच्या वयापासून ओळखते. चौतीस वर्षांची, दोन मुलं, नवरा ओहायोला गेला तो तिकडचाच झाला. वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, भरवते, आणि मंगळवार ते शनिवार तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगला प्रवेश वर्षातून एकदाच, आणि त्याआधी हा विषय झालेला हवा. पाळणाघराची सवलत काउंटी फक्त पूर्णवेळ विद्यार्थिनींना देते. अकरा क्रेडिटं म्हणजे पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणजे कॉलेज नाही. इतकं सरळ होतं ते.

मी काय काय करून बघितलं नाही. शनिवारी जादा वर्ग घ्यावा, तर शनिवारी तिची कामाची पाळी. दर सोमवारी थोडा वेळ वाढवावा, तर निम्मा वर्ग तिथून थेट काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचा. दुसरी संध्याकाळ घ्यावी, तर प्रयोगशाळा एकच आणि बाकीच्या दिवशी तिच्यावर रसायनवाल्यांचा कब्जा. शेवटी मला बोलिंग सुचलं, चेंडू घरंगळवून लाकडी पिना पाडायचा खेळ. आमच्याकडे बोलिंगचा एक क्रेडिटचा वर्ग आहे. पण मदतीच्या हिशेबात फक्त तुमच्या अभ्यासक्रमातले विषय धरतात, आणि नर्सनं बोलिंग केलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. हे मी ट्विचेलसाहेबांना विचारायला गेले तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

बुधवारी मी क्रिस्टाला फोन केला. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती कामाच्या कपड्यांतच माझ्यासमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे एका संध्याकाळसाठी माझं वर्ष जाणार?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नियम आहे.

"अगं, पण त्या संध्याकाळी मी असते कुठे, माहीत आहे ना तुला? बंबवाल्यांच्या फायर हॉलवर. कोपरापर्यंत रक्तात. दरवर्षी मीच तर हरणं फाडते तिथे. ज्या दिवशी माझ्या हातात एवढ्या छात्या उघड्या असतात, नेमका त्याच दिवशी म्हणे माझा प्रयोग बुडतो."

हे ती रागानं म्हणाली, आणखी काही तिच्या मनात नव्हतं. पण मी खुर्चीतून उठलेच. प्रयोगवर्ग कॉलेजच्या इमारतीतच भरला पाहिजे असा नियम नाही. वेळापत्रकात जागा आधी लिहिलेली हवी आणि शिकवणारी व्यक्ती तिथे हजर हवी, बस्स. मी तिला हाताला धरून डीनच्या खोलीत नेलं. वाटेत शरीररचनेच्या बाई, पॉलीन गिडन, सँडविच खाताना सापडल्या. त्यांनाही उचललं.

ट्विचेलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी पॉलीनला विचारलं, त्या आठवड्यात वर्गात काय शिकवायचं ठरलं आहे. पॉलीनच्या तोंडात अजून घास होता. तो गिळून त्या म्हणाल्या, "हृदय. डुकराचं. औषधात मुरवलेलं, रबरासारखं. ताजं मिळालं तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन."

साहेबांनी परवानगी दिली, पण अट घातली. वर्ग पूर्ण वेळ भरला पाहिजे आणि दोघांत निदान एक हृदय हवं. चार नसतील तर तो प्रयोग नव्हे, नुसती सहल, आणि तास भरले असं ते लिहिणार नाहीत. बघायला ते स्वतः येणार होते. शुक्रवारी दुपारी मी वेळापत्रकात त्या सोमवारपुढे फायर हॉल असं टाइप केलं आणि बारा क्रेडिटं बाराच राहून वर गेली. पण साहेबांनी लिहिलं नाही तर ती खाली यायला वेळ लागणार नव्हता.

चार हृदयं म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. आमच्याकडे हरणाचं पोट जंगलातच साफ करतात, आणि आतलं फक्त हृदय शिकारी खिशात घालून घरी आणतो. मोसमाच्या पहिल्या रात्री ते कांद्यावर, लोण्यात परतून घरचे सगळे खातात. बाकीचं मांस वाटतील, हृदय कुणी कुणाला देत नाही. मोसमाआधीचा आठवडाभर क्रिस्टा बंदुकीच्या दुकानात, चर्चच्या तळघरात, पेट्रोल पंपावर लोकांना गाठत राहिली. सहाला हॉलवर आणा, नऊला परत मिळेल. पुरुष तिची टर उडवायचे. कापून देणार की शिवून, एकानं विचारलं. ते मला मार्क कसे पडतात त्यावर आहे, ती म्हणाली.

आणि सोमवार उजाडला तो धुक्यात. असं दाट धुकं की अंगणातला पोस्टाचा डबा दिसेना. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावून बसले. इतर वर्षी या वेळेला डोंगरातून बार ऐकू येतात. त्या दिवशी दुपारपर्यंत दोनच आले, आणि त्यातला एक नेम चुकल्यासारखा वाटला.

साडेपाचला हॉलवर गेले तेव्हा तीन हरणं टांगलेली होती आणि हृदय एक. बाकीच्या दोघांनी घरी पाठवून दिलेली. एकाच्या बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, तव्यावर आहे. क्रिस्टानं टेबलावर प्लॅस्टिक पसरलं होतं, सुऱ्या मांडल्या होत्या, आणि ती त्या एका हृदयाकडे बघत उभी होती. आठही विद्यार्थी आले होते. ट्विचेलसाहेब ऑफिसच्याच बुटांत आले आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसले. त्यांच्या हातात हजेरीचा कागद होता. मला त्यांचा रागही येईना आणि त्यांच्याकडे बघवेना.

पण वर डोंगरातलं धुकं तीनला उठलं होतं, हे आम्हाला खाली गावात कुठे कळणार. अंधारातून ट्रक यायला लागले. एकामागून एक. वॉली डेमको, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला पेन्सिलसुद्धा उसनी दिली नाही, तो ब्रेडच्या पिशवीत हृदय घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "हे माझं आहे. बदलू नका." सहा वाजून थोडं झालं तोवर टेबलावर अकरा पिशव्या झाल्या होत्या. साहेबांनी त्या मोजल्या नाहीत. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

पॉलीननं शिकवायला सुरुवात केली. सुरुवातीला शिकारी मागे भिंतीला टेकून चेष्टा करत होते. मग हळूहळू चेष्टा बंद झाली. साठ-साठ वर्षं हरणं फाडणारी माणसं, पण हृदय आतून कुणी पाहिलं नव्हतं. ते दोन फटक्यांत कापायचं आणि तव्यावर टाकायचं, एवढंच माहीत. क्रिस्टानं ते उभं चिरून उघडलं आणि आतली झडप सुरीच्या टोकावर उचलून धरली. ओल्या कागदाइतकी पातळ. तिला धरून ठेवणारे दोरे सुतासारखे. एवढ्याशा दोऱ्यांवर एवढा प्राणी पळतो, असं कुणीतरी मागून म्हणालं.

माझा नवरा रूडी त्या घोळक्यात होता. दोन वर्षांपूर्वी त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं, आम्ही नीट माना डोलावल्या होत्या आणि घरी येताना दोघांनाही काही कळलेलं नव्हतं. तेव्हापासून रूडी शिकारीला जायचा तो फक्त गाडीत बसायला. तो पुढे सरकला आणि त्यानं क्रिस्टाला विचारलं, "माझं कुठे बुजलं होतं?"

पॉलीन काही बोलणार होत्या, पण थांबल्या.

क्रिस्टानं न कापलेलं एक हृदय उचललं. "हे बघ, बाहेरून ही बारीक नळी जाते ना, ही हृदयाची स्वतःची. सगळ्या अंगाला रक्त देतं ते, पण स्वतःला इथून घेतं. तुझी इथे कुठेतरी बुजली असणार. मग पायातली एक नस काढून त्यांनी असा वळसा घातला." तिनं बोटानं वळसा काढून दाखवला. "जुनी वाट बंद, म्हणून बाजूनं नवी. ती चांगली चालते. घाबरून बसायचं काही कारण नाही."

रूडीनं हातमोजा काढला आणि ती नळी आपल्या बोटानं चाचपून पाहिली. बराच वेळ.

नऊ वाजले तसं मी साहेबांना घड्याळ दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि हजेरीचा कागद माझ्या हातात दिला. त्यावर आठ नावं होती आणि खाली त्यांची सही, वर्ग पूर्ण भरला. आता जायला हरकत नाही, ते म्हणाले. पण कुणी हललं नाही. वॉलीला आपल्या हृदयातली झडप बघायची होती, आणि काचेच्या भट्टीला कधीच सुट्टी नसते, म्हणून रात्रपाळीवाल्यांनी उशीर होईल असा कारखान्यात फोन लावला होता. टेबलाच्या टोकाला कुणीतरी शेगडी पेटवून कांदा चिरायला घेतला. साहेबांना पहिली बशी मिळाली. त्यांनी आधी वास घेतला, मग एक घास, मग बशी रिकामी करून ते पुन्हा रांगेत उभे राहिले.

हात धुऊन येताना क्रिस्टा आमच्याजवळ थांबली. तिच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा आनंद होता तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मी तिला मिठी मारली आणि माझा चांगला कोट रक्तानं भरला.

"मग आता इस्पितळात तू कधी दिसणार?" रूडीनं तिला विचारलं.

"वसंतात अर्ज. घेतलं तर पुढे दोन वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे लवकर आजारी पडू नकोस."

"दोन वर्षं आणि वर काही महिने," रूडी म्हणाला. "टिकतो मी तोवर."

शस्त्रक्रिया झाल्यापासून पुढच्या वर्षाबद्दल तो काही बोललेला मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.