काचेवर टेकवलेली पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. माझे आकडे झिजले असले तरी रेघा अजून बोटाला लागतात. मित्रांनो, कारखान्यात त्या कोरल्या गेल्या तेव्हा माझ्याकडून एकच अपेक्षा होती, खोटे बोलायचे नाही.

मला एका ड्राफ्ट्समनने विकत घेतले. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग तो कागदावर काढी. वर्कशॉपमधले लोक म्हणत, "यांच्या ड्रॉइंगवर डोळे मिटून लोखंड कापावं." तो रोज मला मऊ कापडाने पुसून खिशात ठेवी. मला वाटे, जगात मापाला माझ्याशिवाय कोण आहे?

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. पण पुढच्या वर्षी कागद बंद. तोवर हे शिकून घ्या."

त्याची मुलगी इंजिनियर होती. ती घरी शिकवू लागली. एका संध्याकाळी त्याने पडद्यावर एक दातेरी चाक काढले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला काचेवर टेकवले. मी नेहमीच्या ठामपणाने सांगितले, साठ मिलिमीटर.

"चुकलंय गं कुठेतरी. व्यास चाळीस दिला, भरतोय साठ."

मुलीने माउस फिरवला. चाक पडदाभर फुगले. "आता मोजा," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "आई, इकडे ये. बाबा टीव्हीला पट्टी लावतायत."

तोही हसला. पण मला खिशात ठेवायला त्याला दोनदा चाचपडावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरपुढे बसला नाही. "आज कंटाळा आलाय," म्हणाला. रोज तेच म्हणू लागला. मुलीने आग्रह केला नाही. वर्ष सरण्याआधीच त्याने नोकरी सोडली. जिथे माझे काही चालत नव्हते, तिथे मी गप्प का राहिले नाही, ही बोच मला आजही आहे.

आता तो नाही. मी मुलीच्या ऑफिसातल्या टेबलावर असते. परवा तिथे कॉम्प्युटरवर नवी प्रणाली आली. शिकताना तिचे चुकले, तसा शेजारचा तरुण सहकारी हसला. "मॅडम, हे तर लहान पोरालाही येतं."

तिचा हात माझ्यावर येऊन थांबला. ती म्हणाली, "परत एकदा दाखव."

त्याने दाखवले. तिला जमले.

मित्रांनो, मला गंज चढला तर चढू द्या. पण मुरलेला हात नवे काही शिकायला बसला, की हसण्याआधी त्याला परत एकदा दाखवा.

त्या संध्याकाळी तिने मला ओढणीच्या टोकाने पुसले. मी केव्हाच स्वच्छ झाले होते. ती पुसतच राहिली.