काळा वायसर

वायसरवालीचा कारखान्यातला तो शेवटचा दिवस होता. आणि तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. अकरा वर्षं नळांत वायसर बसवले बाईनं, रोजचे चारशे नळ. आणि आता म्हणे तिच्या बोटांत जोर राहिला नाही! हे म्हणालं कोण? फोरमन. आणि फोरमन कोण? तिचा सख्खा मोठा भाऊ.

त्याचं झालं असं. नळांच्या त्या कारखान्याला दोन वर्षांपासून घरघर लागली होती. गिऱ्हाइकं एकेक करून सटकली, उरलं एकच मोठं. त्यानंही मागच्या महिन्यात अडीचशे नळ परत पाठवले, सगळेच्या सगळे गळके. वर आता निरोप, की येत्या सोमवारच्या मालात एक जरी नळ गळका निघाला तर आपला संबंध संपला. म्हणजे कारखान्याला कुलूपच. मालकानं विचारलं, चूक कुणाची? फोरमननं सगळ्यांदेखत बहिणीकडे बोट दाखवलं. "वायसर हीच बसवते. बोटांत जोर राहिला नाही आता तिच्या." झालं! शनिवारपर्यंत काम कर आणि घरी बस.

घरी वहिनी म्हणाली, "जाऊ दे ना गं, त्याच्या डोक्याला किती ताप आहे!"

"ताप त्याला आणि चटके मला, होय?" एवढं बोलून ती ताटावरून उठली.

आता कारखाना सावरायला मालकानं चार महिन्यांपूर्वी एक साहेब आणला होता. त्याला सगळे 'का-साहेब' म्हणत, कारण काहीही सांगा, हा विचारणार 'का?' उत्तर दिलं की परत 'का?' असं पाच वेळा. त्याचं म्हणणं, पहिल्या 'का'ला नुसता माणूस सापडतो, चूक सापडायला खाली खणावं लागतं. त्यानं जादा माल साठवायला बंदी केली. जादा माल म्हणजे चुकीवर घातलेलं पांघरूण, असं तो सांगायचा. आणि नळ ज्यावरून सरकत जातात त्या पट्ट्याच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यानं एक लाल दोरी बांधली. कुणालाही काही चुकीचं दिसलं की दोरी ओढायची. भोंगा वाजतो, पट्टा थांबतो. ज्यानं ओढली त्यानं सोडल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. पहिल्याच आठवड्यात एका पॉलिशवाल्यानं ती ओढली, तर फोरमननं त्याची अशी काही हजेरी घेतली की नंतर कुणी हात लावला नाही. बायका तिच्यावर फडकी वाळत घालायला लागल्या.

त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वायसरवाली परत आलेल्या नळांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. महिनाभर ढीग कोपऱ्यात पडून होता आणि एकानंही त्यातला एक नळ उघडून बघितला नव्हता. कशाला बघतील? गुन्हेगार आधीच सापडला होता ना! का-साहेबानं ढीग दोनदा तपासायला मागितला, तर फोरमन म्हणाला, "आमच्या घरचं आहे, मी बघतो." तिनं पाना घेतला आणि एक नळ खोलला.

आत काळा वायसर.

ती बघतच राहिली. आठ महिन्यांपासून वायसरचा पुरवठा दुसरीकडून होत होता आणि नवे वायसर राखाडी होते. आठ महिन्यांत तिनं एकसुद्धा काळा वायसर हातात धरला नव्हता. तिनं नख रुतवून पाहिलं, नख रुतेना. रबर वाळून दगड झालं होतं. दुसरा नळ खोलला, काळा. दहा खोलले, दहाही काळे.

असे जुने नळ कुठे आहेत ते तिला पक्कं ठाऊक होतं. रंग वाळवायच्या भट्टीशेजारी दादाचं कपाट होतं. काम जोरात चालेल त्या दिवशी तो दहा-वीस नळ बाजूला काढून त्यात ठेवायचा, आणि माल कमी पडेल त्या दिवशी त्यातून भरती करायचा. म्हणून फळ्यावरचा रोजच्या मालाचा आकडा कधी चुकला नाही, म्हणून मालकाला यंत्रं बिघडताहेत हे कधी कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! का-साहेबानं विचारलं होतं, या कपाटात काय? दादा म्हणाला, जुने पाने. आणि तिनं, या शहाणीनं, शेजारी उभं राहून मान डोलावली होती. ते आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सुट्टी संपली, पट्टा सुरू झाला. तिनं दोरीवरची फडकी काढली, नीट घडी करून ठेवली आणि दोरी ओढली.

भोंगा वाजला तसा फोरमन धावत आला. "कुणाला माज आलाय?"

"मला, दादा."

"शेवटच्या दिवशी तमाशा नको. सोड ती."

का-साहेब आला, मागोमाग मालक. का-साहेबानं सवयीनं विचारलं, "का?"

"मला नका विचारू, मला याला विचारायचंय." तिनं काळा वायसर टेबलावर आपटला. "दादा, परत आलेल्या नळांत काळे वायसर का?"

"जुने असतील."

"जुने का पाठवले? माल ताजा आहे असं तू फळ्यावर लिहिलंस."

त्यानं आवाज खाली आणला. "हे आपण घरी बोलू."

"घरी मी बहीण आहे. इथे मी हाकललेली बाई आहे. जुने का पाठवले?"

"प्रेसचं यंत्र दोन दिवस बंद होतं म्हणून!" फोरमन भडकला. "माल कमी गेला असता तर गिऱ्हाईक त्याच दिवशी गेलं असतं. दहा वर्षं हा कारखाना माझ्या कपाटावर चाललाय, आहे का कुणाला किंमत?"

"भट्टीला चिकटून वर्षानुवर्षं भाजलेले नळ! उघडून का नाही बघितलेस?"

मालकानं कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. पण ती अजून संपली नव्हती. "सोमवारच्या मालात किती घातलेस?"

फोरमननं मालकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "साठ."

मालकानं दाराकडे पाहिलं. साठ गळके नळ खोक्यांत बंद होऊन दारात उभे होते, आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन निश्चिंत झालो होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

"आता शेवटचं सांग," ती म्हणाली. तिचा हात अजून दोरीवरच होता. "माझं नाव का घेतलंस?"

"दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं," फोरमन पुटपुटला. "तू माझी बहीण. गप्प बसशील असं वाटलं. मग तुझंच चुकलं असणार, असं माझं मलाही पटत गेलं."

"मोठ्यानं बोल. पॉलिशवाल्यांना ऐकू आलं नाही."

जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेला माणूस तो. ते सगळं तो पुन्हा बोलला, या वेळी टोकापर्यंत ऐकू जाईल असं. कुणी हसलं नाही. तेव्हा कुठे तिनं दोरी सोडली.

मालक म्हणाला, "बाई, सोमवारपासून या."

"सोमवारचं सोमवारी. आधी त्या साठ नळांची खोकी इकडे आणा."

खोकी आली. तिनं शेजारचं स्टूल पायानं सरकवलं. "बस दादा. काळा काढायचा, राखाडी बसवायचा."

फोरमन बसला. पाना दोनदा हातातून निसटला. पहिला नळ जमवून त्यानं तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, पुन्हा खोलला आणि वायसर काढून त्याच्यापुढे टाकला.

"बोटांत जोर नाही तुझ्या. परत बसव."