शेषरावाच्या घरचा समुद्र

ऊन. अकोल्याचं ऊन. पितळी, पेटतं, पत्र्यांवर पाय आपटत नाचणारं ऊन. कुत्री सावलीच्या शोधात, सावली भिंतीच्या पोटात. आणि असल्या तप्तकांचनवर्णी भट्टीत शेषराव ढोमणे बायकोला घेऊन निघाला होता, समुद्र विकत घ्यायला.

समुद्र तिच्यासाठीच. सुहासिनी वेंगुर्ल्याची. लग्न होऊन आली तेव्हापासून हसली नव्हती. रडलीही नव्हती. नुसती मिटलेली. शेषराव तापट, पण जीव लावणारा. आणि ढोमण्यांच्या घरी जीव लावायचा म्हणजे वाढायचं. "चहा घे. पोहे घे. एक भजं तरी घे ना वो!" दिवसभर तोच जप. ती मुकाट घ्यायची आणि खिडकीतून पश्चिमेकडे बघायची. पश्चिमेला सरकीची गिरणी होती.

काचेची टाकी, खारं पाणी, दिवे, पाणी गार ठेवणारं यंत्र, सगळं घरी लागून तयार होतं. राहिली होती प्रवाळं.

दुकानात निळा, ओला अंधार. त्या अंधारात एक नीलजांभळं, शाखाशाखांनी उजळलेलं, राजमुकुटासारखं प्रवाळ.

"हेच द्या," शेषराव म्हणाला.

"नाही जमायचं, भाऊ," दुकानदार कुतुबभाई म्हणाला. "पाणी जरा बिघडलं की पांढरं पडून मरते. पहिली टाकी हाये ना? मऊवालं घ्या. माणसाच्या चुका पोटात घालते."

"मी काय चुका करतो?"

कुतुबभाई फडक्यानं काच पुसू लागला. धंद्यात मुरलेला माणूस.

इतक्यात सुहासिनीनं काचेवर बोट ठेवलं. आत मऊ प्रवाळाची एक जाडजूड, तपकिरी छत्री अंगभर केसर फुलवून डोलत होती.

"हे."

"हे? हा तर भिजलेला पापड हाये!"

पण तिनं मागितलेली ती पहिली वस्तू. पापड घरी आला.

आला आणि मिटला. केसर आत, छत्री बंद, तोंड फिरवून बसलेल्या जावयासारखी.

"पाव्हणा उपाशी हाये," शेषरावानं ठरवलं. ते उजेडावरच जगतं, असं कुतुबभाईनं बजावलं होतं. पण उजेडानं कोणाचं पोट भरते? सकाळी कोलंबीचा चुरा चिमूटभर, दुपारी मूठभर, संध्याकाळी आग्रहाचा. पाणी दुधाळ झालं, धूम्रवर्ण झालं, मग घरभर घमघमलं. छत्रीवर मेणचट पापुद्रा चढला.

"मेलं!" शेषराव कडाडला. "डोंबलाचं सोपं! कुतुबच्या टाळक्यातच घालतो याले!" बाही सरसावून त्यानं हात टाकीकडे नेला.

"हात लावू नका."

सुहासिनी उभी होती. एवढ्या दिवसांची भरती एकदम आली. "कात टाकतंय ते, मरत नाहीये! आल्यापासून नुसतं खा, खा, खा! दिवसभर नाक काचेला! असं कोण फुलेल? जरा एकटं सोडाल की नाही आम्हाला?"

तो शेवटचा शब्द पाण्यावर पडला. बुडाला नाही. तरंगत राहिला.

शेषरावाचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. टाकीत मासा नव्हता, ती उणीव त्यानं भरून काढली. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, वाढायला उठू नयेत म्हणून.

तिनं घाण पाणी उपसलं, स्वच्छ खारं पाणी भरलं. दिवस गेले. तो घरात चोरपावलांनी वावरायचा. एकदा "चहा" जिभेवर आलाच; तो त्यानं गरमागरम गिळला.

आणि एका संध्याकाळी, सूर्य गिरणीच्या धुराड्याला टेकलेला असताना, आतून हसू आलं. खळाळतं, लाटेसारखं, फेसासारखं.

शेषराव धावला. उंबऱ्यावर थबकला.

पापुद्रा गळून पडला होता. छत्री उघडली होती. असंख्य सोनसळी बोटं पाण्याला गुदगुल्या करत होती आणि कोपरापर्यंत ओली सुहासिनी हसत होती.

"या, बघा," ती म्हणाली. "लांबून."

त्यानं लांबून बघितलं. हात पाठीमागे, एकमेकांना घट्ट धरलेले.

"आता विचारा ना," तिनं डोळे मिचकावले.

"चहा?"

"अर्धा कप. भजं नको."

चुलीवर चहा उकळला. पश्चिमेला धूर विरला. आणि मधे, काचेत, हातभर समुद्र; डोलत होता, डोलत होता, डोलत होता.