दीडशे किलोमीटर न पडता

अलकनंदा गेली हे गुंडोपंत हुदलीकरांना कळलं तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात नर्सने त्यांना जिन्यातच थांबवलं आणि सांगितलं. डब्यात मऊ भात आणि मेतकूट होतं. पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. अय्यनावरमच्या घरी माणसं जमली, हैदराबादहून मुलगी कौमुदी आली, आणि चौथ्या दिवशी पंतांना आठवलं की आपली मोटरसायकल हॉस्पिटलच्या स्टँडवरच राहिली आहे. त्या दिवशी आपण घरी कसे आलो, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही.

गाडी घरी आणून त्यांनी ती जिन्याखाली झाकून ठेवली. ती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथेच होती. रेल्वेच्या कारखान्यात कामाला ते बसने जात. तोवर कौमुदीने बँकेतून बदली मागून घेतली होती आणि ती वडिलांकडे राहायला आली होती.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आमच्या ऑफिसातल्या नारायणस्वामींना जुनी गाडी हवी आहे. देऊन टाकू या."

"का?"

"आई मागे बसायची तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर 'हळू, हळू' म्हणायची. आता कोण म्हणणार?"

"मीच म्हणेन."

"तुम्ही स्वतःचं कधी ऐकलंय?"

दुसऱ्या दिवशी कौमुदी बँकेत गेल्याबरोबर ते गाडी ढकलत रंगाकडे घेऊन गेले. रंगाचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्याचं घराणं तंजावरचं. मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, पण हेल तमिळ, आणि जीभ तिखट. त्याने चाकावरून हात फिरवला.

"राव, ह्यापेक्षा माझं डोकं बरं की! त्यावर चार केस तरी आहेत."

त्याच दिवशी दोन्ही नवे टायर बसले. संध्याकाळी कौमुदी परत आली तर गाडी दारात उभी, टायर काळेभोर, त्यांवर रबराची बारीक कुसळं. ती तशीच वडिलांना घेऊन रंगाकडे भांडायला गेली.

"रंगामामा, तुम्ही तरी त्यांना समजवायचं! उलट नवे टायर घालून दिलेत."

"अम्मा, जुन्या टायरने माणूस पडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे," रंगा शांतपणे म्हणाला. "नव्यानेही पडतो, ते कुणी सांगत नाही. नवं रबर गुळगुळीत. जमीन धरत नाही. दीडशे किलोमीटर चालून ते घासलं गेलं पाहिजे. तोवर वळणावर गाडी वाकवायची नाही, ब्रेक करकचून दाबायचा नाही, मागे माणूस बसवायचा नाही. आणि हवा सकाळी बघायची, टायर थंड असताना."

कौमुदीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती वडिलांकडे वळली.

"ठीक आहे. दीडशे किलोमीटर न पडता चालवून दाखवा, मग गाडी तुमची. एकदा जरी पडलात तर नारायणस्वामींची."

"कबूल," पंत म्हणाले.

पंतांना ती गाडी का हवी होती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बावीस वर्षं अलकनंदा त्या गाडीवर मागे बसली होती. घरातल्या तिच्या बाकी सगळ्या वस्तू तिने एकटीने वापरल्या होत्या. ही एकच दोघांनी मिळून वापरली होती.

दुसऱ्या दिवसापासून पंत असे चालवू लागले की बघणाऱ्याला जांभई यावी. वळण आलं की गाडी ताठ उभी ठेवून, सासरी निघालेल्या नवरीसारखे हळूहळू वळत. पुढच्या बसपासून एवढं अंतर ठेवत की मध्ये तीन रिक्षा घुसत. सायकलवाले पुढे जात. एकदा तर इडलीचं पीठ विकणाऱ्या बाईने डोक्यावरचं पातेलं सावरत त्यांना मागे टाकलं आणि वळून विचारलं, "पेट्रोल संपलं का, सार?" कारखान्याच्या फाटकावर दोस्त म्हणत, "गुंडोराव, गाडी आहे की वरात?" पंत हसत आणि घड्याळाऐवजी किलोमीटरचा काटा बघत. पावसाळी दिवस असला तर आणखी सावकाश. असं करता करता दिवाळीपर्यंत एकशे बारा किलोमीटर झाले.

दिवाळीच्या दिवशी उजाडता उजाडता कौमुदीने वडिलांना पाटावर बसवलं, तेल लावलं आणि वर दोनदा शिकेकाई चोळली. आई करायची ते सगळं तिने यंदा स्वतः करायचं ठरवलं होतं. आई गाडीलाही तेल लावायची, हे तिला पक्कं आठवत होतं. "तीसुद्धा कमावती आहे," असं आई म्हणायची. कुठे लावायची, ते मात्र आठवेना. पंत आंघोळ करत होते तेवढ्यात ती वाटी घेऊन खाली गेली. नवे टायर तिला कोरडे दिसले. तिने दोन्ही टायरांना तिळाचं तेल छान जिरवून लावलं.

पंत नवा सदरा घालून चकल्यांचा डबा रंगाला द्यायला निघाले. टायर चमकताना दिसले, पण रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. रंगाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी नेहमीसारखी गाडी सरळ ठेवून वळवली आणि मागचं चाक स्वतःच्या मर्जीने भलतीकडे गेलं. ते इतक्या सावकाश पडले की पडता पडता चकल्यांचा डबा वर धरायला त्यांना सवड मिळाली. खाली फटाक्यांच्या लाल कागदांचा थर होता. कोपर तेवढं खरचटलं.

रंगा धावत आला. त्याने टायरवर बोट फिरवून हुंगलं.

"अय्यो राव! गाडीला अभ्यंग कुणी घातलं?"

पंतांना सगळं लक्षात आलं. ते तिथेच कागदांत बसून हसायला लागले आणि बराच वेळ हसत राहिले.

"पाणी आण, साबण आण," ते शेवटी म्हणाले. "आणि कौमुदीला ह्यातलं अक्षर कळता कामा नये."

"मग तुम्ही हरलात की."

"हरलो तर हरलो. आईवाचून तिची पहिली दिवाळी आहे. आज तिचं काही चुकलेलं नाही."

दोघांनी टायर घासून घासून धुतले. पंत गाडी ढकलत घरी आले.

"पडलो," त्यांनी सांगितलं. "घाई केली. नारायणस्वामींना फोन कर."

कौमुदीने त्यांच्या कोपराला हळद लावली. मग सदऱ्याची बाही नाकाशी नेली.

"हे तेल कुठलं?"

"अंगाचं असेल."

"अंगाचं? दोनदा शिकेकाई लावल्यावर?"

ती खाली धावली. टायरांच्या खाचांत अजून साबणाचा फेस होता. ती वर आली तेव्हा डोळे भरलेले होते, पण हसूही आवरत नव्हतं.

"बाबा, आई कुठे लावायची?"

"टाकीवर. एक बोट."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"आणि माझी चूक झाकायला तुम्ही गाडी देऊन टाकणार होतात? आईची सीट?"

कौमुदीने फोन उचलला आणि नारायणस्वामींना तमिळमध्ये सांगितलं की गाडी विकायची नाही. मग चकली मोडून वडिलांच्या हातात अर्धी दिली.

"हे पडणं माझ्या नावावर. पण दीडशे पुरे करायचेच. मग मी मागे बसणार आणि प्रत्येक कोपऱ्यावर ओरडणार."

"तुझ्या आईचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा होता," पंत म्हणाले.

दुपारी ऊन पडल्यावर त्यांनी टायर पुन्हा एकदा पुसले आणि काटा बघितला. अडतीस किलोमीटर बाकी होते, आणि मागच्या सीटवर अजून कुणी बसलं नव्हतं.