नाव झाकलेला एक्स-रे

ऋचा माझ्या दिराची मुलगी. माझ्या अंगाखांद्यावर वाढली आणि आता अतिदक्षता विभागात डॉक्टर झाली. तिच्यावर ओरडायचा हक्क माझाच, आणि त्या आठवड्यात तो मी पुरेपूर वापरला.

आमचे हे, नामदेवराव, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान चालवतात. पोटाच्या ऑपरेशननंतर ते तिच्याच विभागात व्हेंटिलेटरवर होते. मध्येच ताप चढला, एक्स-रेत डाग दिसला. मोठे डॉक्टर श्रीनिवास म्हणाले न्यूमोनिया, ऋचा म्हणाली नुसतं पाणी साठलंय. जबरी औषध द्यावं तर ह्यांची किडनी आधीच अधू. न द्यावं आणि न्यूमोनिया निघाला तर माणूस हातचा जायचा.

"न्यूमोनिया कशाला म्हणायचं, हे तरी ठरलंय का तुमच्यात?" मी फणकारले.

"तीन व्याख्या आहेत, काकू. एकीत काका बसतात, एकीत नाही. तिसरीत बघणाऱ्यावर आहे."

"मग एवढी वर्षं शिकलीस काय, कपाळ माझं?"

एरवी हसली असती. त्या दिवशी तडक उठून गेली. एक्स-रे विभागातल्या मैत्रिणीला सांगून तिने ह्यांचा एक्स-रे नाव झाकून इतरांच्या एक्स-रेंमध्ये मिसळायला लावला. मग तिने आणि श्रीनिवासांनी तो गठ्ठा वेगवेगळा वाचला.

संध्याकाळी ती बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. "काकू, नाव नव्हतं तेव्हा सर म्हणाले पाणी. आणि मी म्हणाले न्यूमोनिया."

"म्हणजे गं?" मी तिच्याकडे वळले.

"काकांचं नाव दिसलं की त्यांना काही झालंय असं मला दिसतच नाही गं." तिने माझा हात धरला. "ओरड ना."

ओरडते कसली! पोरीची इतकी माया आली की तिला तिथेच कुशीत घेतलं. "आजपासून तू ह्यांची डॉक्टर नाहीस," मी म्हटलं. "नुसती पुतणी. बस माझ्याजवळ."

श्रीनिवासांनी फुप्फुसातून नमुना काढून तपासणीला पाठवला आणि तोवर किडनीला सोसेल असं औषध दिलं. नमुन्यात काही निघालं नाही, औषध थांबलं, ताप उतरला आणि एका सकाळी नळीही निघाली. नेमकं काय होतं, यावर त्या दोघांचं अजून जमलेलं नाही.

ह्यांनी डोळे उघडले तेव्हा ऋचा पायाशी उभी होती. घोगऱ्या आवाजात, दुकानातल्या सवयीच्या दखनीत म्हणाले, "कोट किधर गं तुझा? आज ड्यूटी नक्को?"

"नाही, काका," ती म्हणाली. "भेटायला आलेय."