दिशानाथाचे तीन नारळ

डोळ्यांवर काळं फडकं घट्ट बांधलेलं, हातात वेताची काठी आणि मागे अख्खा पाडळखेड्याचा आठवडे बाजार. दिशानाथ महाराज मिरचीच्या ढिगांमधून असे चालले होते की एका मिरचीलाही पाय लागला नाही. भज्यांच्या गाडीपाशी ते थबकले, मान वर करून हवा हुंगली आणि रस्त्याकडेच्या कापसाच्या ट्रॉलीवर काठी रोखली.

“माय बठ्ठं देखस! सगळं बघते देवीमाय! चढा वर!”

रतिलाल शिंपी धडपडत वर चढला. कापसात त्याची चार वर्षांची नात गाढ झोपली होती. सकाळपासून ती हरवली होती, घरात चूल पेटली नव्हती. रतिलालनं तिला छातीशी धरलं आणि हंबरडाच फोडला. खाली शंख वाजला. बायकांनी पदर पसरले.

सगळे आनंदानं ओरडत होते. शीतलनं मात्र आपल्या पोराला, हर्षूला, इतकं आवळून धरलं की तो कळवळला, “मम्मी, दुखतंय!” डोळे बांधलेला माणूस एवढ्या गर्दीतून झोपलेल्या पोरीपर्यंत सरळ जातो. मग तो आणखी कुणाकुणापर्यंत जाऊ शकतो?

“पाहिलंस?” सासू म्हणाली. गावात सगळे तिला अक्काच म्हणत, शीतलही. “तू आणि तुझं बी.एस्सी.! सोड ते पोराला दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघणं. आता माय बघेल.”

त्याच संध्याकाळी हर्षूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत आला. जाड, पितळी रंगाचं प्लास्टिक, वरून लाखेनं बंद केलेलं. ताईताचे नियम महाराजांनी स्वतः सांगितले. उघडायचा नाही. आंघोळीला काढून ठेवायचा, भिजला तर माय रुसते. आणि दर दिवाळीला नवा करून न्यायचा, कारण वर्षभरात शक्ती उतरते. कुणी हरवलंच तर महाराज आधी गावाला जीपनं प्रदक्षिणा घालणार, तीन दिशांना तीन नारळ फोडणार, आणि तेवढा वेळ गावानं मोबाइल बंद ठेवायचे. सुरू राहायचा तो एकट्या भटूचा, म्हणजे महाराजांच्या चेल्याचा. त्याला म्हणे ‘शूटिंग’ करायचं असायचं.

शीतलला यातलं काही पटलं नव्हतं. पण ती स्वतःवर तरी कुठं विश्वास ठेवत होती? सगळ्यांनी तिला भित्री ठरवलेलंच होतं. तिचा नवरा ईश्वर गावाबाहेरच्या केळीच्या पॅकिंग हाउसमध्ये सुपरवायझर होता. त्याला ती दिवसातून इतके फोन करायची की मजूर ओरडायचे, “साहेब, वहिनींची हजेरी!” फोन लागला नाही की तिचा जीव टांगणीला. शेवटी ईश्वरनं एकदा तिला समजावलं होतं, “अगं, कंटेनरमध्ये गेलो की फोन मरतो. चहूबाजूंनी पत्रा असतो त्याला, रेंज आत शिरत नाही अन् बाहेरही पडत नाही. लागला नाही तर समजायचं, मी केळी भरतोय. लगेच माझं तेरावं घालू नकोस.”

ती हर्षूला घेऊन शिरपूरला त्याचा युनिफॉर्म घ्यायला गेली, तेव्हा एसटीत तिच्या मोबाइलवर एक सूचना आली: ‘एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरत आहे.’ तिनं पर्स सीटवर ओतली, पिशवी झटकली, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडे इतकं रोखून बघितलं की बिचारा उठून पुढे गेला. काही सापडलं नाही. घरी ईश्वर हसला. “मोबाइलसुद्धा तुझ्यासारखाच घाबरट निघाला.” सूचना मात्र तिनं पुसली नाही.

मग तो गुरुवार आला.

ती हर्षूला घेऊन पॅकिंग हाउसवर डबा द्यायला गेली होती. शेजारीच केळी कापणाऱ्या मजुरांच्या ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेले वेस्ता आणि बिजलीबाई तिथंच राहायचे. त्यांची पोरगी हर्षूची लाडकी. दोघांचा लपाछपीचा खेळ ठरलेला. शीतलनं नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि वळून पाहिलं.

हर्षू नव्हता.

आधी तिनं हाक मारली. मग जोरात मारली. मग तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. जेवणं अर्धी टाकून माणसं धावली. केळीच्या बागा, रस्ता, नळापलीकडचं शेततळं सगळं पालथं घातलं. वेस्तानं अंगावरच्या कपड्यांनिशी शेततळ्यात उडी मारली. श्वास संपेपर्यंत तळ चाचपडला, वर आला, पुन्हा बुडी मारली. काठावर शीतलनं डोळे मिटून घेतले होते. दर वेळी तो रिकाम्या हातांनी वर यायचा आणि दर वेळी तिच्या जिवात जीव यायचा.

तोवर अक्कानं महाराजांना आणलं होतं.

“मोबाइल बंद! माय येतेय!” भटू ओरडला. पटापट स्क्रीन विझल्या. शीतलनं आपला मोबाइल पदराआड धरला. तो बंद करायला तिचं बोट धजेना.

जीपनं प्रदक्षिणा घातली. पूर्वेला पहिला नारळ फुटला. भटूनं आपल्या मोबाइलकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. दक्षिणेला दुसरा. पुन्हा नकार. तिसरा नारळ तर महाराजांच्या हातून दोनदा निसटला. हा माणूस घाबरला होता, आणि ते पाहून ती आणखी घाबरली.

जीप झोपड्यांपाशी येऊन थांबली. महाराजांना उतरवताना भटू त्यांच्या कानाशी पुटपुटला. शीतल दोन हातांवर होती.

“शेवटचं इथंच दाखवतंय. पुढं काहीच नाही.”

महाराज डोळे बांधून गोल फिरले. काठी हवेत भिरभिरली. डावा हात सारखा कमरेच्या शेल्याशी जात होता, बंद पडलेलं घड्याळ चापटावं तसा ते कंबर चापटत होते. गर्दी श्वास रोखून उभी. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

“झाकलंय!” महाराज गरजले. “मायच्या डोळ्यांवर कुणी करणी करून पडदा टाकलाय! पोरगा इथंच होता. या झोपड्यांत बघा. डोंगरातली विद्या शे ही!”

काठी बिजलीबाईच्या दाराकडे होती.

गर्दीतून एक विचित्र आवाज उठला. वेस्ता अजून निथळत होता. कुणीतरी त्याची ओली कॉलर धरली. “बोल, कुठं नेला पोरगा?”

“आम्ही नाय नेला, दादा! मी पाण्यात शोधत व्हतो ना!”

“पाण्यात टाकून मग शोधत होता?”

बिजलीबाई दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. मागे तिची पोरगी तिच्या लुगड्याला लोंबकळली होती. खाली वाकून दगड उचलणारे हात शीतलनं पाहिले. ओळखीचे हात होते. दूध घालणारे, पीठ दळून देणारे. आणि क्षणभर तिलाही वाटलं, त्या बाईला ढकलून आत शिरावं आणि नखांनी जमीन उकरावी.

पण कानात भटूचं वाक्य अडकून बसलं होतं. *दाखवतंय.* देवी सांगते, देवी बोलते. दाखवतं ते यंत्र.

काय दाखवतंय? ताईत कुठं आहे ते. एसटीतली सूचना. तिच्याबरोबर फिरणारा तो अनोळखी ट्रॅकर तिच्या मांडीवरच बसला होता, खिडकीतून केळीच्या बागा बघत! तिनं ती जुनी सूचना उघडली. खाली बटण होतं: ‘आवाज वाजवा’. तिनं दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. ‘ट्रॅकर जवळ नाही.’

शेवटचं इथंच. पुढं काहीच नाही. पोरगा लांब गेला असता तर सिग्नल हळूहळू मंदावला असता, वाटेत कुठंतरी दिसला असता. हा इथंच, एकदम मेलाय. रेंज कुठं मरते?

“ईश्वर!” ती किंचाळली. “कंटेनर! कंटेनरची दारं कधी लावलीत?”

“जेवायच्या सुट्टीत,” ईश्वर म्हणाला. “अर्धाच भरलाय, गारवा जाऊ नये म्हणून…” आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मी आत बघितलं होतं गं. कोणी नव्हतं.”

“लपाछपी खेळतो तो!”

झोपड्यांच्या मागेच कंटेनर उभा होता, घरघरत. त्या घरघरीत आणि त्या जाड भिंतींतून पोराचा आवाज कुणाला ऐकू येणार? सुट्टी संपल्यावर एरवी दारं उघडलीच असती. पण काम टाकून सगळं गाव नारळांमागे फिरत होतं.

दांडे सरकले. थंड हवेचा लोट अंगावर आला. आत अंधार आणि केळीच्या खोक्यांची भिंत. “हर्षू!” काही नाही. शीतलनं बटण दाबलं.

टिर्र… टिर्र… टिर्र…

आवाज खोक्यांमागून येत होता.

वेस्ता आणि ईश्वरनं खोकी अक्षरशः फेकली. कोपऱ्यात हर्षू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठ निळसर, गालांवर सुकलेलं रडू, छातीवर चिवचिवणारा ताईत. “मम्मी,” तो दात वाजवत म्हणाला, “कुणी शोधलंच नाही मला.”

शीतलनं त्याला उचलून छातीशी धरलं. बिजलीबाईनं आपली गोधडी आणून दोघांना गुंडाळलं आणि पोराचे तळवे चोळायला बसली.

तोच मागून शंख वाजला.

“बोला, मायनं सोडवलं!” महाराजांचा आवाज पुन्हा चढला होता. “ऐकला ना? ताईत बोलला! मायनं पडदा फाडला!”

आणि काही हात जोडले गेलेसुद्धा! अक्काचेही. शीतल ते बघत राहिली. मग तिनं हर्षूच्या गळ्यातला ताईत काढला. “बिजलीबाई, तुमचा विळा द्या.”

“उघडू नको!” महाराज ओरडले. “अनर्थ होईल!”

“व्हायचा तेवढा झालाय.”

लाख फुटली. आतून एक गोल चकती निघाली आणि तिच्या पोटात घड्याळात असतो तसा बटणाएवढा सेल.

“ही मायची शक्ती. हा सेल वर्षभर चालतो, म्हणून दिवाळीला नवा ताईत. पाण्यानं यंत्र बिघडतं, म्हणून आंघोळीला काढायचा. अन् मला एसटीत आली तशी ट्रॅकरची सूचना तुम्हाला येऊ नये, म्हणून तुमचे मोबाइल बंद.” तिनं चकती ईश्वरच्या हातात दिली. “आत ठेव. दार लाव.”

दार लागलं. तिनं सगळ्यांसमोर बटण दाबलं. चक्र फिरलं, ‘जवळ नाही.’ दार उघडलं, पुन्हा दाबलं. टिर्र… टिर्र…

“पत्र्याच्या आड गेला की तुमची माय आंधळी होते का, महाराज?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“या चकतीतून सारखा बारीक सिग्नल निघतो,” शीतल म्हणाली. “दिव्यासारखं समजा. जवळ गेलं की उजेड जास्त, लांब गेलं की कमी. भटूचा मोबाइल तो उजेड मोजतो. एका जागेवरून मोजला तर अंतर कळतं, बाजू कळत नाही. म्हणून जीप फिरवून तीन जागांवरून मोजायचा. तीन अंतरं जिथं जुळतात तिथं पोर. तुम्ही नारळ बघायचा, भटू मोबाइल. शेवटची पावलं राहिली की महाराजांच्या कमरेला दुसरा मोबाइल. ते जवळ जातील तशी त्याची थरथर वाढणार. आज हर्षू पत्र्याआड होता, थरथर झालीच नाही. मग काय करणार? बोट दाखवलं गरिबाच्या झोपडीकडे.”

महाराजांचा हात शेल्याशी गेला आणि दोघांनी तो तिथंच पकडला. शेल्यातून मोबाइल निघाला. भटूचा ईश्वरनं हिसकावला.

त्या स्क्रीनवर जे होतं, ते बघायला हसणारेही पुढे झुकले. पाडळखेड्याचा नकाशा, नेमकी जागा नाही तरी गल्ली दाखवणारा. गल्ल्या, शाळा, विहीर. आणि सगळीकडे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला नाव: ‘ईश्वरचा मुलगा’, ‘तोतारामची धाकटी’, ‘शिंप्याची नात’. एक ठिपका आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शाळेकडून ओढ्याकडे सरकत होता.

एका बाईनं “अगंबाई, माझी!” म्हणत धाव घेतली.

रतिलाल शिंपी पुढे आला. त्याचा आवाज अगदी खाली होता. “भटू, मन्ही नात एवढीशी. ट्रॉलीवर ती चढली कशी?”

भटूनं पळायला पाय उचलला, तोच दोघांनी त्याला धरलं. ईश्वर शिरपूरला पोलिसांना फोन लावत होता.

अक्का उठली, कमरेची चावी काढून तिच्या दात्यांनी शेजारच्या पोराच्या गळ्यातला दोरा कराकरा कापला. “मग आता पोरांवर लक्ष ठेवायचं कोणी?” ती पुटपुटली. विचारत होती की भांडत होती, कळेना.

“आपण, अक्का. आणि ज्यानं शेततळ्यात उड्या मारल्या, त्यानं.”

वेस्ता ओल्या कपड्यांत उकिडवा बसला होता. फाटलेली कॉलर हातानं जुळवून बघत होता. समोर अजून चारदोन माणसं उभी होती. आपल्या मुठीत काय आहे, ते विसरल्यासारखी.

“ते दगड खाली ठेवा आधी,” शीतल म्हणाली. “माझं पोर हरवलं होतं, मीसुद्धा या दारात शिरणार होते. भीती वाटणारच. पण भीती वाटली की निदान एवढं विचारा: याला कळलं कसं? सांगता येत नसेल, तर त्याच्या बोटाकडे बघून कुणावर धावून जाऊ नका.”

एक दगड पडला. मग दुसरा. गोधडीतून हर्षूनं डोकं बाहेर काढलं आणि बिजलीबाईच्या पोरीला म्हणाला, “आता राज्य तुझ्यावर.”